पस्तीस आणि एक

वृंदा गेली त्याला आज पाच आठवडे आणि दोन दिवस झाले. त्या दिवशी शनिवार होता. दोन वाजता येतो असं मी तिला सांगून ठेवलं होतं, म्हणून सकाळी मागच्या अंगणातलं गवत कापून घेत होतो. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. पाहिलं तेव्हा सानिकाचे तीन मिस्ड कॉल होते. वृंदाची ही एकुलती एक मुलगी एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "मामा, आई गेली." अकरा चाळीसला. अर्धं गवत तसंच टाकून मी निघालो.

वृंदा माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती गेली त्याच्या दोनच दिवस आधी मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलो होतो. दुखण्याबद्दल ती बोलली नाही. डोळे न उघडता तिने विचारलं, "दादा, किती झाले?" मी म्हटलं, तेरा. "म्हणजे नऊ राहिले." वजाबाकी तिने स्वतःच केली. मग एकदम म्हणाली, "संजीवला लवकर कळवू नकोस. तो आला तर माझ्यापेक्षा छान आजारी दिसेल."

हे तेरा आणि नऊ म्हणजे महिने. ते कसले, हे नीट सांगायला हवं, कारण त्यांच्याबद्दल चारचौघांत खोटं बोललं गेलं आहे.

लग्नानंतर वृंदा नवऱ्याबरोबर, म्हणजे संजीवबरोबर, अमेरिकेला गेली. ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच वर्षी संजीवची नोकरी गेली. सानिका तेव्हा दोन वर्षांची. पुण्याची सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेली, कधी व्यायामशाळेची पायरी न चढलेली ही मुलगी तिथल्या लष्करात भरती झाली. आमच्या मावशीला, म्हणजे वृंदाच्या आईला, आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. वृंदाला लष्करी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं; ते तिने दहा वर्षं केलं. त्या नोकरीत सैनिकाला छत्तीस महिन्यांचं उच्च शिक्षण सरकारी खर्चाने मिळतं. परदेशातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठांतही ते चालतं. स्वतः शिकायचं नसेल, तर हे महिने नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावे करता येतात. अट अशी की सहा वर्षं झालेली असावीत आणि पुढच्या चार वर्षांची सही करावी. वृंदाने ती सही केली. त्या चारांतलं दीड वर्ष ती घरापासून दूर, एका परदेशी तळावर होती. सानिकाच्या दुधाच्या दातांपैकी तीन तिच्या गैरहजेरीत पडले. तारखा तिने लिहून ठेवल्या होत्या.

नातेवाइकांचे फॉर्म भरणं हे माझ्याकडे पूर्वापार आलेलं काम. त्यामुळे हे महिने नावावर करायचे तेव्हा तिने मला मेलबर्नला फोन लावला आणि पडद्यावरचा एकेक रकाना वाचून दाखवला. संजीवच्या नावापुढे छत्तीस, सानिकाच्या नावापुढे शून्य. संजीवचं म्हणणं होतं की तो एमबीए करेल, पगार वाढेल आणि मग मुलीच्या शिक्षणाला कुणाच्या सवलतीची गरज उरणार नाही. ते म्हणणं तेव्हा चुकीचं वाटलं नव्हतं, हेही मी इथे लिहून ठेवतो. मला फक्त मुलीच्या नावापुढचं शून्य बरं वाटलं नाही. मी म्हटलं, वृंदा, आहेराच्या पाकिटावर आपण एक रुपया वर ठेवतो, तसा एक महिना पोरीच्या नावे ठेव. शून्य लिहू नये. मागून संजीव हसला. "दादा, एका महिन्यात ती काय शिकणार? बाराखडी?" तरीही वृंदाने पस्तीस आणि एक असे आकडे भरले. यात माझी हुशारी काही नव्हती. नियम मला तेव्हा माहीत नव्हता.

पुढे संजीवला इथे मेलबर्नला नोकरी मिळाली. वृंदा लष्करातून बाहेर पडली आणि तिघं आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून ग्लेन वेव्हर्लीत राहायला आली. तिने रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये पहाटेची शिफ्ट धरली. संजीव तिच्या महिन्यांवर एमबीए करू लागला. चौदा महिने त्याने वापरले. मग सिडनीत मोठी संधी आली म्हणून कोर्स मध्येच थांबवून गेला, आणि आठ महिन्यांनी वृंदाला त्याची ईमेल आली. सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात त्याचं दुसरं घर झालं होतं, त्या घरात दुसरी बाई होती. माफी दोन ओळींची. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की उरलेले एकवीस महिने त्याच्या नावावर आहेत, ते तो सवडीने वापरेल, कृपया तिथे हात लावू नये.

मी तिच्या घरी पोचलो तेव्हा वृंदा मेथी निवडत होती. तिने जुडी पूर्ण निवडली, हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि नियमाचं पान माझ्यासमोर सरकवलं. नोकरी सोडल्यावर यादीत नवं नाव घालता येत नाही. पण यादीत आधीपासून असलेल्या एका नावावरचे न वापरलेले महिने दुसऱ्या नावावर केव्हाही हलवता येतात, आणि तो अधिकार सैनिकाचा. सानिकाच्या नावापुढे शून्य असतं, तर ती यादीत नसती. संजीवकडचे महिने वृंदाला काढून घेता आले असते, पण पोरीला देता आले नसते. तो एक महिना होता, म्हणून तिच्या नावावर आता बावीस होणार होते. संजीवच्या रकान्यावर बोट ठेवून वृंदा थांबली.

"दादा, त्यालाही एक ठेवू का? शून्य लिहू नये म्हणतोस ना..."

मी म्हटलं, "आता लिही."

तिने लिहिलं. इतकी सरळ बसून काही करताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर त्याच्या वकिलाचं पत्र आलं, की घटस्फोटाच्या वाटणीत हे महिने धरावेत. ते धरता येत नाहीत, तसा कायदाच आहे. कायद्याची प्रत मी स्वतः पाठवली. दोनदा पाठवली; एकदा ईमेलने आणि एकदा टपालाने, पोच घेऊन.

सानिकाच्या पदवीला वर्षाचे साधारण आठ महिने लागतात, तीन वर्षांचे चोवीस. म्हणजे दोन कमी पडतात. ते मी बघून घेईन. पण ते कुणी खाल्ले, हे मी विसरणार नाही.

अंत्यसंस्काराला संजीव काळा सूट घालून आला आणि न विचारता बोलायला उभा राहिला. म्हणाला, "सानिकाचं शिक्षण आम्ही दोघांनी मिळून उभं केलं." हॉलमधल्या लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठणारच होतो, पण सानिकाने माझी बाही धरली. त्याला तिथे द्यायचं उत्तर म्हणून हा लेख. माणूस गेल्यावर कडूपणा सोडावा म्हणतात. मला ते जमत नाही आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही. हा लेख ज्यात छापून येतो तो अंक सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या वाणसामानाच्या दुकानांतही ठेवलेला असतो. केलीव्हिलची मंडळी दर शनिवारी तिथेच येतात.

वृंदाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद आहे. तिने पट्टीने आखलेले छत्तीस चौकोन, कोपऱ्यात चिकटपट्टीने लावलेला एक रुपया. पहिले चौदा चौकोन तिने काळ्या शाईने गच्च भरले आहेत. उरलेले बावीस पांढरे. महिना पुरा झाला की सानिका त्यातल्या एकावर हिरवी खूण करते. अंत्यसंस्कारानंतर पाणी प्यायला संजीव तिथे आला, कागदाकडे बघत राहिला आणि त्याने विचारलं, हे काळे कसले? सानिका ग्लास विसळत होती. वळून न बघता म्हणाली, "दोज आर युअर्स, डॅड." तो पाणी न पिताच बाहेर गेला.

काल मी झाडांना पाणी घालायला तिकडे गेलो होतो. हिरव्या खुणा मोजल्या. चौदा झाल्या आहेत, त्याच्याइतक्या. पंधरावी पुढच्या महिन्यात.