रोख शिल्लक

कोऱ्या चादरीच्या घडीतून खळीचा आंबूस वास आला की मला सिंधीपुऱ्यातला तो लूमवाला आठवतो. मी तेव्हा बुऱ्हाणपुरात बँकेच्या कर्ज विभागात होतो आणि तो सूत खरेदीसाठी कर्ज मागायला आला होता. भर उन्हाळा होता, त्याच्या भुवयांवर कापसाचं बारीक तूस बसलेलं. मी त्याचा ताळेबंद उघडला. कर्ज शून्य आणि रोख शिल्लक भरपूर. मी म्हणालो, "तुम्हाला पैशाची अडचण आहेच कुठे?" तो खालच्या आवाजात बोलला, "साहेब, बाजारात पत भावाची होती, तो वेगळा झाला तेव्हापासून मला कोणी उधार देत नाही. सूत नगदच घ्यावं लागतं, इसलिये तर एवढे पैसे धरून बसलो. तेवढ्यात सगळ्या लूमना सूत पुरत नाही, अर्धे बंद ठेवलेत." म्हणजे ती शिल्लक हीच त्याची अडचण होती. पण आमच्या तक्त्यात जास्त रोख म्हणजे सुस्थिती, एवढंच बसत होतं. मी अर्जावर 'गरज दिसत नाही' असा शेरा मारला. दोनेक वर्षांनी एका कारखान्याच्या तपासणीला गेलो, तर तो तिथे दुसऱ्याच्या लूमवर तुटलेला धागा जोडत उभा होता. त्याचे लूम भंगारात गेले होते. त्या खडखडाटात तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "साहेब, कर्ज अजून पण शून्यच आहे." हल्ली नवी चादर मी धुतल्याशिवाय अंथरू देत नाही. बायकोला वाटतं, मला खळीची ॲलर्जी आहे.