बुद्धीची पूड
दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहायचो तेव्हाची, साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी बहीण सात वर्षांची झाली तरी दोन शब्दांच्या पुढे बोलत नव्हती. आप्पा मालगाडीवर गार्ड. शिरूरच्या मामांच्या सांगण्यावरून ते पुण्याच्या एका डॉक्टरकडे गेले आणि पांढऱ्या पुडीची बाटली घेऊन आले. नाव ग्लुटामेट. म्हणे, ती मेंदूला चेतवते, मंद मुलं तरतरीत होतात.

मला पहिल्यापासून संशय. बुद्धी बाटलीत मिळत असती तर शाळा कशाला काढल्या असत्या? आई तर माझ्याहून संशयी. ती माळकरी, कुठलंही औषध आधी स्वतः चाखल्याशिवाय आमच्या तोंडात घालायची नाही. चिमूटभर पूड कोमट पाण्यात कालवून तिनं घोट घेतला. चव काही केल्या ओळखता येईना. मग वाटी घेऊन ती शेजारच्या चाचींकडे गेली, मी मागोमाग.

चाचींनी एक घोट घेतला, मग आणखी एक.

"वयनी, ही तर मटनाच्या रश्श्याची चव हाय."

"खरं सांगताय न्हवं?"

"खोटं कशाला बोलू? हाडं उकडून वाळवली असतील."

चाची चेष्टा करतात की काय, असंही मला वाटलं. पण त्यांचा चेहरा पडला होता.

आता बाटली मोरीत रिकामी होणार, याची मला खात्री होती. घरी येऊन आईनं गळ्यातली माळ काढली, देवापुढं ठेवली आणि बहिणीला हाक मारली.

"आई, मांस हाय त्यात!" मी ओरडलेच.

"आसू दे. बोलली पायजे ती."

त्या दिवसापासून रोज आधी स्वतः घोट घ्यायचा, मग तिला पाजायचं. आप्पांना दर आठवड्याला ती सुधारल्यासारखी वाटायची. मला नाही वाटली. बाटल्या संपल्या, बहीण होती तिथंच राहिली.

पुढं कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांकडून कळलं की ग्लुटामेट कारखान्यात गव्हासारख्या धान्यापासून करतात. मांस न घालताही त्याला रश्श्याची चव असते. सुट्टीत धावत घरी आले. आई शेंगा निवडत होती, बहीण तिला टेकून बसलेली.

"आई, त्यात मांस नव्हतंच. आता घाल माळ."

तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग बहिणीच्या केसांतला शेंगेचा दोरा काढत म्हणाली, "मी मांस समजूनच पाजलं की गं. आन् अजून कुणी आणून दिलं, तर अजून पाजंन."

माळ देवापुढंच राहिली.