पाटीला हात न लावणारे नाखवा

"आमची गाडी पानी पीत नाय!" बोईसरच्या रस्त्यावर कुणाच्या गाडीतून वाफ निघताना दिसली, की घिवलीचे नाखवा आपली व्हॅन थांबवून एवढं ऐकवायचेच. मदत करायला नव्हे, नुसतं ऐकवायला. असली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

बोट विकून त्यांनी ही जुनी परदेशी व्हॅन घेतली. इंजिन मागे, रेडिएटर नाही, सगळा कारभार पंख्याच्या वाऱ्यावर. घेतली ती बायकोसाठी. काकींचे गुडघे गेलेले, मासळीची पाटी रिक्षात चढवणं जमेना, आणि बोईसरचा बाजार सुटला तर ही बाई जगायची नाही. मग नाखव्यांनी पाटी उचलायची ना? छे! दर्यातली मासळी पुरुषांची, बाजारातली बायकांची. गाव हसेल! म्हणून या पठ्ठ्याने अख्खी गाडी घेतली.

गाडी तापायची. बेटेगावात गॅरेज माझं, म्हणून ती डोकेदुखीही माझीच. एकदा इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे काढूनच आले. "कपडे काढले तिचे. आता वारं लागंल."

"अहो, ते पत्रे गरम हवा खाली अडवतात. ते नसले तर पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो. कुठायत ते?"

"कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकले."

कोंबड्यांना बेघर करून पत्रे परत बसवले. वर बजावलं, तेल वेळेवर बदला, मागच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, वारा तिथूनच आत जातो. "आमाला नको शिकवू. आमी बोटीचं यंजिन चालवलंय." बोटीच्या इंजिनाला थंड करायला अख्खा समुद्र होता, हे यांना कोण सांगणार!

मग एका सकाळी काकींचा फोन. "लवकर ये रे बाबा, यांनी गाडी मारून टाकली!" बाजार हाकेवर असताना इंजिन जाम झालेलं. मागच्या जाळ्यांवर ओलं गोणपाट आणि गोणपाटात बर्फ, अगदी मासळीला लावतात तसा नीट. बर्फ कुठला? काकींच्या पाटीतला!

"नाखवा, हे काय?"

"मासली यानंच ताजी रेते."

"मासळी मेलेली असते! हिला श्वास घ्यायचा असतो, आणि तिचंच नाक दाबलंत?"

काकींनी एका सरंग्याचा कल्ला उघडून पाहिला, आतली लाली उतरू लागलेली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. नाखव्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मान खाली घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाले. बाजारातल्या बायका पोट धरधरून हसल्या. नाखव्यांना भावसुद्धा सांगता येईना. काकींनी तिथेच त्यांना फैलावर घेतलं.

पुढे मी इंजिन उघडलं. दुरुस्त होण्यासारखं होतं. सांगितलं तर नाखवा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गाडीत ती मागं बसायची, मासलीजवल. रिक्षात बाजूला बसते." एवढं बोलून असे लाजले, की मला हसू आवरेना. मग रोज पाटी मांडीवर घेऊन स्वारी रिक्षात.

गेल्या वर्षी ते गेले. आता रिक्षावालाच पाटी चढवून देतो. शेजारी कुणी बसायला आलं, की काकी हात आडवा धरतात. "थांब, तिथं पाटी ठेवायची हाय."

पाटी त्यांच्या मांडीवर असते. बोईसर येईपर्यंत.