सरांच्या विमानाचं लिंबू

आमच्या शेजारी विज्ञानाचे सर राहतात. नजरबिजर सगळं झूट, हे ते न विचारता सांगतात. बोलता बोलता मध्येच "कारण काय?" म्हणतात आणि आपण तोंड उघडायच्या आत कारणही तेच देतात.

सरांनी तापलेल्या तारेनं थर्माकोल कापून, वर चिकटपट्टी गुंडाळून रिमोटचं विमान केलं. त्याला इंजिन नाही. "वारा टेकडीला आपटून वर चढतो, त्याच्यावर तरंगतं ते," म्हणाले.

आम्ही दोघं येलदरीकडच्या टेकडीवर निघताना सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विमानाच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. घरात सरांनी ती राहू दिली. टेकडीवर पोचल्यावर मात्र त्यांनी ती तोडून माझ्या हातात दिली आणि विमान सोडलं. ते नाक वर करून उभं राहिलं, मग सरळ बाभळीत गेलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

मी गुपचूप लिंबू पुढं केलं. सरांनी ते घेतलं आणि परत विमानाच्या नाकाला बांधायला लागले.

"शेपूट जड व्हायलंय. नाकाला वजन पाहिजे. मी वजन म्हणून बांधायलोय, लिंबू म्हणून नाही. ध्यानात ठिवा."

मग विमान घारीसारखं तरंगत राहिलं.

आता सर दर शनिवारी ताजं लिंबू आणतात. कारण काय, तर वाळलं की वजन घटतं. मिरच्याही बांधतात, त्याचं कारण अजून सांगितलेलं नाही.

परवा त्यांच्या स्कूटरलाही लिंबू लटकलेलं दिसलं. मी विचारलं नव्हतं. सरच म्हणाले, "हिचंबी शेपूट जड व्हायलंय."