आर्ट्सवाल्यांचं पुढे काय झालं

आमच्या बॅचची दोन माणसं मंगरूळपीरच्या स्टँडवर भेटली की समजायचं, दोघांपैकी एकाची तरी गाडी चुकणार! "सलीमचं ऐकलं का?" एवढं एकानं म्हणायचा अवकाश, की दुसरा खांद्यावरची बॅग खाली ठेवतो. किस्से साचतात, कारण आमच्यातलं कुणी एका जागी बसतच नाही. सायन्सवाले डॉक्टर होतात, इंजिनिअर होतात आणि मग जन्मभर तेच राहतात. त्यांचा किस्सा काय होणार? आर्ट्सवाल्याला बीए झाल्यावर कुणी रस्ता दाखवलेला नसतो. तो इकडे शिरून बघतो, तिकडे शिरून बघतो, आणि जिथे शिरतो तिथे काहीतरी घडवून येतो.

मी वर्षा. आमच्या बॅचमधली मीच तेवढी कॉलेज सोडून गेले नाही. त्याच इमारतीत आता राज्यशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि दर जूनला नेमणूक पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात मला झोप लागत नाही, ती याच्यामुळे.

मागच्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, समितीला आपले नामवंत माजी विद्यार्थी दाखवावे लागतात. मेळावा घेऊ. तुमच्या बॅचपासून सुरुवात करा."

मी बाहेर आले. ऑफिसातले वानखडे भाऊ दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलेलं.

"आर्ट्सचे नामवंत? मॅडम, ते कोठी भेटतेत?"

मी त्याच संध्याकाळी फोन लावायला बसले.

•••

पहिला फोन गजाननला. हा शेलूबाजारचा. मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. गॅदरिंगला स्वतःच्या कविता म्हणायचा आणि म्हणता म्हणता स्वतःच रडायचा. आम्हाला वाटायचं, हा मास्तर होईल, नाहीतर वाया जाईल. झाला फौजदार! सलग तीन परीक्षा नापास होऊन, चौथ्या वेळी.

पण वाङ्मय काही अंगातून गेलं नाही. पहिल्याच पोस्टिंगला एक चोरीची मोटरसायकल सापडली. गजाननने पंचनामा लिहिला: 'सायंकाळची उदास वेळ होती. ओढ्याकाठी कडुनिंबाच्या सावलीत सदर मोटरसायकल एकटीच विचारात पडलेली दिसून आली.'

साहेबांनी न वाचता सही केली. कागद गेला कोर्टात. न्यायाधीशांनी तो भर कोर्टात मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मोटरसायकल विचारात पडली होती ना? मग साक्षीला तिलाच बोलवा!"

"मंग रे?" मी फोनवर विचारलं.

"मंग काय! साहेबानं दोन महिने नुसतं बंदोबस्तावर ठेवलं. पोहरादेवीच्या यात्रेत उभा होतो उन्हात. येवढी गर्दी!"

"अन् तिथं काय लिहिलं?"

तो हळूच म्हणाला, "अठ्ठावीस ओळींची कविता झाली. पाठवू काय?"

•••

दुसरी सुजाता. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिचे वडील पंचायत समितीत कारकून. घरात शिकण्याला नाही म्हणणं कधीच नव्हतं, उलट शिकलंच पाहिजे अशी सक्ती. भांडण होतं ते विषयावरून. वडिलांचं म्हणणं, डीएड कर, नोकरी पक्की. सुजाता म्हणायची, मले इतिहासच पाहिजे.

"इतिहासानं पोट भरते काय?"

"आपला इतिहास कोण सांगन मंग? दुसरे?"

ती संभाजीनगरला निघून गेली, लेण्यांपाशी गाईडचं काम शिकली, आणि नुसत्या इंग्रजीवर आपलं भागणार नाही असं दिसल्यावर जपानी शिकली. मंगरूळपीरची पोरगी, जपानी! तिची मावशी सगळ्यांना सांगायची, "ते चिमण्यावानी बोलते आता." वडील मात्र घुश्शात. तिच्याकडे कधी फिरकले नाहीत.

एकदा मात्र तिकडे नातेवाइकाचं लग्न निघालं आणि ते गेले. सुजाता म्हणाली, आलेच आहात तर माझं काम पाहून घ्या. जपानी म्हाताऱ्या माणसांचा एक मोठा ग्रुप होता. हिने छत्री उंच धरली आणि पुढे चालायला लागली. वडील सगळ्यांत मागे, पिशवी घेऊन. लेण्यात बुद्धमूर्तीसमोर हिने बराच वेळ काहीतरी सांगितलं. कोणी हललं नाही. मग ती माणसं हात जोडून पालीत त्रिसरण म्हणायला लागली. उच्चार त्यांचे, पण शब्द तेच, वडील रोज घरी म्हणायचे ते. वडिलांनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि त्यांच्या आवाजात आपला आवाज मिळवला.

बाहेर आल्यावर पायरीवर बसले. सुजाता छत्री मिटून शेजारी बसली.

"बाबा, कसं वाटलं? मी काय सांगत होती ते समजलं काय?"

"मले एक शब्द नाही समजला," वडील म्हणाले. "पण येवढे लोक तुले गपचूप ऐकून राह्यले होते!"

•••

सलीम आमचा दर्ग्याजवळ राहणारा. अर्थशास्त्रात काठावर पास, पण आवाज असा, की वर्गाच्या शेवटच्या बाकावरून तो 'हाजिर सर' म्हणाला तरी पहिल्या बाकावरची पोरगी दचकायची. तो हैदराबादला गेला आणि दक्षिणेकडच्या सिनेमांना हिंदीत आवाज द्यायला लागला. चेहरा दिसत नाही, नावही दिसत नाही, पण आज अर्धा देश त्याचा आवाज ओळखतो. काम मिळतं ते व्हिलनचं. हीरोला गोड आवाज लागतो, आणि सलीमने गोड बोलायचा प्रयत्न केला तरी ऐकणाऱ्याला ती धमकीच वाटते.

घरी त्याच्या अम्मीचे हाल. टीव्हीवर सिनेमा लागला की ती आवाजावरून पोराला ओळखते, आणि शेवटी व्हिलन मेला की पदर डोळ्याला लावते. शेजारणी समजावतात, अहो, सिनेमा आहे. ती म्हणते, "आवाज तो मेरे बच्चे की है ना!"

एका ईदला सलीम घरी आला, तेव्हा ती बोललीच. "बेटा, हर पिक्चर में मरता है तू. कोई शरीफ आदमी का काम नहीं मिलता?"

त्याला ते लागलं. परत गेल्यावर त्याने डायरेक्टरच्या हातापाया पडून एक शरीफ माणसाचं काम मिळवलं. हीरोचा बाप. देवभोळा, गरिबांना मदत करणारा. सिनेमा टीव्हीवर लागायच्या दिवशी त्याने अम्मीला फोन केला, मोहल्ल्याला फोन केला, मलाही केला. सगळे जमले. अम्मी पुढच्या खुर्चीवर.

पंधरा मिनिटांत व्हिलनच्या माणसांनी हीरोच्या बापाला गाडीखाली घातलं.

फोनवर अम्मी एवढंच म्हणाली, "पहले कम से कम आखिर तक तो जीता था!"

•••

मधे माझाही एक सांगून टाकते.

दर वर्षी मी कुठे ना कुठे कायम नोकरीसाठी मुलाखत देते. आई म्हणते, तुझ्या पायाला चाक आहे. चाक कसलं, एकाच खिळ्याभोवती फिरतेय! नागपूरच्या एका कॉलेजात गेले होते. समोर चौघे. त्यातल्या एकाने माझा बायोडाटा वरून खाली पाहिला आणि खूश झाला.

"वा! इतकी वर्षं एकाच कॉलेजात? स्थिर आहात म्हणायच्या."

"हो सर," मी म्हटलं, "दर वर्षी नव्याने!"

तिघे हसले. चौथा हसला नाही. तो चौथा अध्यक्ष होता.

परतताना गाडीत खिडकीशी बसून मी ठरवलं, आता बस. जूनमध्ये अर्जच करायचा नाही. कारंजा आलं, तोवर मनात राजीनामाही लिहून झाला. तेवढ्यात सेकंड इयरच्या एका पोरीचा फोन. "मॅडम, उद्या तुमचा तास हाये नं? मी खेड्यावरून येतो, नसन तर तिकीट वाया जाते."

"आहे," मी म्हटलं, आणि चिडून फोन पर्समध्ये टाकला. कुणावर चिडले होते, ते मला अजून कळलेलं नाही.

•••

मेळाव्याआधी व्हरांड्यात एक मोठा फलक लावायचा ठरला. नाव, आणि पुढे हुद्दा. कैलास पेंटरला बोलावलं. सगळं सुरळीत चाललं होतं, दिगंबर राठोडपर्यंत.

दिगंबर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. समाजशास्त्रात विद्यापीठात नंबर आलेला. आमच्यात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत अस्वस्थ. मी सोमवारी फोन केला, तेव्हा तो अरुणाचलमधल्या एका शाळेत शिकवत होता. मी 'शिक्षक' सांगितलं, कैलासने तसं रंगवलं. बुधवारी दिगंबरचाच फोन. "वर्षा, शाळा सोडली बरं. तिथले लोक चांगले हायेत, पण पाऊस थांबतच नाही. डोकं फिरते." आता तो ड्रोनने फवारणी करणाऱ्या कंपनीत चालला होता. कैलासने 'शिक्षक' खोडलं, 'ड्रोन पायलट' लिहिलं. शनिवारी पुन्हा फोन. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची जुनी गाणी कोणी रेकॉर्ड करत नाही, ती मरून जातील, म्हणून तो नोकरीवर हजर न होताच माइक घेऊन गावाकडे निघाला होता.

"अरे, फलकावर काय लिहू मी?"

"खरं सांगू? मलेच समजत नाही. सकाळी उठलो का वाटते, हे नाही, दुसरं काहीतरी करायले पाहिजे होतं." त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "तुले नाही वाटत असं?"

मी फोन ठेवला. बाहेर कैलास ब्रश धरून उभा होता. मी त्याला नवी बातमी सांगितली. त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फलकाकडे पाहिलं आणि म्हणाला,

"मॅडम, असं करू. नाव रंगानं लिहितो, धंदा खडूनं लिहितो!"

•••

आता मेळाव्याचा किस्सा.

समिती दोन तास उशिरा आली. तोवर हॉलमध्ये कुणी धड बसेना. गजानन खाकीत, दारापर्यंत जाऊन परत यायचा. सुजाता घड्याळ बघत होती. मी तर सकाळपासून खुर्चीला टेकलेच नव्हते. शेवटी समितीचे अध्यक्ष आले, हार झाले, आणि प्रत्येकाने माइकवर येऊन नाव आणि हुद्दा सांगायचा असं ठरलं. फौजदार झाला, गाईड झाली, सलीमने नुसतं "नमस्कार" म्हटलं तर पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

सगळं आटोपलं असं वाटत असताना मागून एक बाई उठली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पायात चिखल वाळलेल्या चपला. जवळ आली तेव्हा मी ओळखलं. मंदा! तर्कशास्त्रात आमच्या सरांना फळ्यापाशी गप्प करणारी मंदा. सेकंड इयरच्या परीक्षेआधी तिचं लग्न लावून दिलं होतं आणि ती आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका खेड्यात गेली होती. मी तिला बोलावलं नव्हतं. खरं तर माझ्या डोक्यातच आली नव्हती. तिचा नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता, हातात गाडीची चावी.

मंदाने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी मंदा. मले हुद्दा नाही. मी येक विचाराले आली हावो." तिने अध्यक्षांकडे पाहिलं. "सर, माजी विद्यार्थी म्हंजे ज्याचं शिक्षण इथं पुरं झालं तो. बराबर?"

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले.

"माह्यं शिक्षण पुरं झालं नाही. बराबर?"

"आता तुम्ही म्हणता तर... बरोबर."

"म्हंजे मी माजी नाही. मी या कॉलेजची विद्यार्थीच हावो. अजून."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वानखडे भाऊंकडे. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"तर्क पक्का आहे, बाई. पण मग इतकी वर्षं गैरहजर का?"

मंदाने भिंतीकडे बोट केलं. "ते त्याइले विचारा."

सगळ्या माना मागे वळल्या. नवरा सरळ उभा राहिला. चावी या हातातून त्या हातात गेली. शेवटी म्हणाला,

"सोयाबीन राह्यते, सर."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. मंदा हसली नाही. ती नवऱ्याकडेच बघत होती. हसणं थांबेपर्यंत थांबली.

"यंदा बी हाये सोयाबीन," ती म्हणाली. "यंदा ते काढतीन. मी इथं येईन."

नवऱ्याने प्राचार्यांकडे पाहिलं, खाकीतल्या गजाननकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काढतो नं," तो म्हणाला. "मी कधी नाही म्हनलं?"

टाळ्या सुरू झाल्या. मंदा माइक ठेवायला वळली. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अन् तूर?"

मंदाने माइक परत तोंडाशी धरला.

"तूर बी!"