बोगस रॅमचा पंचनामा

आमच्या आबांचा जगात फक्त स्वतःच्या नाकावर विश्वास आहे. कपाशीचं बियाणं आणलं की ते आधी पाकीट हुंगतात आणि पेरणीनंतरही टॅग, बिल, मूठभर दाणे डब्यात जपून ठेवतात. (उद्या तक्रार करायची तर पुरावा नको?) त्यांचा संशय माझ्यात उतरला, नाक मात्र उतरलं नाही.

दुसरबीडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. आबांची सगळी कपाशी अळीनं खाल्लेली, अर्ज गेला नाही तर हाती काहीच येणार नव्हतं. आणि आबा शेजारी बसलेले, त्यांचाच अर्ज अर्ध्यावर असताना स्क्रीन निळी पडून कॉम्प्युटर बंद! पुन्हा भरला, पुन्हा निळी.

पहिला संशय बायकोवर. मी फोन लावला. "मिक्सर चालू केला काय? इथं व्होल्टेज पडते."

"मिक्सर घरी हाय, तुमी दुकानात," सुनंदा म्हणाली.

तरी मी तो बंद करायला लावला.

मग मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला, तर लाल चुकांची रांगच लागली. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या, सलीमभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नव्याच आणलेल्या. एकेक काढून तपासली. दोन्हींत चुका!

"आबा, सलीमभाईनं नकली माल देल्ला."

आबांचे डोळे चमकले. "पाकीट ठेवलं काय? बिल?"

ठेवलं होतं. (शेवटी मुलगा कुणाचा?) सगळा पुरावा रुमालात बांधून आम्ही सलीमभाईंच्या दुकानात धडकलो.

त्यांनी पट्ट्या आपल्या मशीनला लावून तोच प्रोग्राम चालवला. तास गेला. एकही चूक नाही.

"मशीन तुमची. तुमी काहीबी दाखवसान," मी म्हणालो.

"भाऊ, तुमच्या मशीनमंदी रॅमची स्पीड वाढवली काय?"

"थोडीशी. काम लवकर व्हावं म्हनून."

आबा माझ्याकडे वळले. "पाकिटावर लिवली त्याच्याहून जास्त?"

"हाव."

"मंग पट्टीले काऊन धरतं बे? जास्त खतानं झाड जळालं, तं टाकनाऱ्याले धरा लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज शेवटी सलीमभाईंनीच भरला, चहाही पाजला. एका रकान्यात किडीचं नाव विचारलं होतं. त्यांनी 'बोंडअळी' टाकलं.

"अजून एक नाव बसते काय पाहा," आबा माझ्याकडे बघत म्हणाले.

नशीब माझं, जागा एकाच किडीपुरती होती!