बंद शटरामागची धावपट्टी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, विमानाचा आवाज आला की आजोबा बोलता बोलता गप्प का होतात. त्यांच्यासमोर मला सांगता येईना, म्हणून ही तुमची आजी लिहून पाठवते.

पनवेलला घर घेण्याआधी आम्ही पुण्यात होतो. तिथला विमानतळ हवाई दलाचा. प्रवासी विमानंही त्याच धावपट्टीवरून उडतात. आजोबा हवाई दलात होते, पण जमिनीवर. सकाळचं पहिलं विमान उडण्याआधी दहा-बारा जणांनी रांगेनं धावपट्टी चालायची आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते वेचायचं. इंजिनात काही गेलं तर घातच. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. भाजी आणायला गेले तरी घरी आल्यावर खिशातून दोन-चार खडे निघायचेच. स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नाहीत. राहून गेलं.

मग इथे पनवेलला आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सहा महिन्यांत नजर फार अधू होईल. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "आपली धावपट्टी एकदा वरून बघायची होती गं."

मी कामाला लागले. पुण्याहून बंगळूरची तिकिटं, खिडकीची जागा, औषधांची यादी, सगळ्याची एक फाइल. धावपट्टी कोणत्या बाजूनं दिसेल तेसुद्धा नकाशावर पाहून ठेवलं. पुण्याला निघालेल्या टॅक्सीनं पनवेलबाहेरचा पळस्पे फाटा सोडला तेव्हा मी फाइल तिसऱ्यांदा तपासत होते.

विमान हलायला लागलं आणि घोषणा झाली. हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, विमान पुरेसं वर जाईपर्यंत खिडक्यांची शटरं बंद ठेवावीत. मी वळून पाहिलं. आजोबांनी शटर आधीच खाली ओढलं होतं.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"पेपरात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नकाशे मांडून बसली होतीस."

माझ्या पलीकडे एक कॉलेजची मुलगी होती. ती म्हणाली, "आजोबा, बोटभर उघडा ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय की, बाळा. जन्मभर तेच काम केलंय."

ती हसली. मला हसू आलं नाही.

विमान धावू लागलं. त्यांनी बंद शटरावर तळहात टेकला आणि हळू आवाजात सांगायला लागले, "बंबवाल्यांची शेड... पाण्याची टाकी... इथे गवतात टिटवी अंडी घालायची..." चाकांनी जमीन सोडली आणि ते थांबले.

"पुढचं मला माहीत नाही," म्हणाले.

शटर उघडायची परवानगी मिळाली तोवर पुणं मागे पडलं होतं. त्यांनी ते वर सारलं. मी वाकून पाहिलं. खाली लख्ख ऊन, शेतांचे तुकडे, एक तळं, रस्त्याची रेघसुद्धा स्पष्ट.

ते काचेला कपाळ लावून बराच वेळ बघत राहिले. "धुकं फार आहे गं."

"हो," मी म्हटलं, "फार आहे."

डॉक्टरांचे सहा महिने माझ्या फाइलीत अजून शिल्लक होते. आजोबांच्या डोळ्यांतले कधीच संपले होते, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. येताना पुण्यात उतरायच्या आधी, सूचना व्हायच्याही आधी, त्यांनी चाचपडत शटर खाली ओढलं.

आता आमच्या गॅलरीवरून इथल्या नव्या विमानतळाची विमानं जातात. आवाज आला की ते मान वर करतात आणि तो पार विरेपर्यंत तसेच बसतात. मग विचारतात, "दिसलं का गं?"

आकाश निरभ्र असतं. विमानाचं पोट, चाकं, सगळं मला दिसलेलं असतं.

"नाही हो," मी म्हणते. "धुकं आहे."